टॉफीच्या भावाचा सोंगाडी

डेस्ली ट्रिकेट चाळिशीला टेकली होती, तरी अजून शाळेचा गणवेश घालून कामावर जायची. उंचीला बेताची, अंगानं काटकुळी. पाठमोरी पाहिली तर सातवीतली पोर वाटावी. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला जे सिनेमे व्हायचे, त्यात एखाद्या मुलानं छपरावरून उडी मारायची असली, जिन्यावरून गडगडायचं असलं किंवा सायकलसकट खाडीत जायचं असलं, की ते मूल म्हणजे डेस्ली. तिची आई मर्ल म्हणायची, "वेण्या घाला, दातांना खोट्या तारा लावा आणि द्या ढकलून. आमच्या पोरीला एवढंच येतं."

मर्लच्या बोलण्यात टोमणा कमी आणि अभिमान जास्त असायचा. ती स्वतः तरुणपणी सागरी बागेतल्या वॉटर-स्कीच्या, म्हणजे होडीमागं पाण्यावरून घसरत जायच्या खेळात होती. तिथे बायकांचा मनोरा रचला जायचा. त्या मनोऱ्याच्या टोकावर उभी राहून हात हलवणारी सात वर्षांची चिमुरडी, ती डेस्ली. तेव्हा होडी चालवायचा तो गार्थ मल्काही. पुढे तो सिनेमात स्टंटमास्तर झाला आणि डेस्लीला बरोबर घेऊन गेला. मधे तिचं लग्न झालं, मोडलं. मग लॅब्राडोर उपनगरातल्या पत्र्याच्या बैठ्या घरात मायलेकी दोघीच राहू लागल्या. फोन वाजला की डेस्ली पिशवी उचलायची. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "डेस म्हणजे काय, तिला भीती ठाऊकच नाही."

हे वाक्य तिनं वीस वर्षं ऐकलं. खरंही होतं ते, टॉफीच्या पहिल्या सिनेमापर्यंत.

टॉफी ही शाळकरी गुप्तहेर. तिच्या आजीची आइस्क्रीमची गाडी, आणि गाडीत कोनांच्या मागे दडवलेली नाना यंत्रं. सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा, हसून लोळायचं, असा. टॉफीचं काम रोमिली क्वेड नावाची पोर करायची. तिच्या जागी उड्या मारायला डेस्ली. शेवटी शेवटी गाडी कालव्यात कोसळते असं दृश्य होतं. ते स्टुडिओमागच्या मोठ्या हौदात घेतलं. गाडी बुडाली, ठरल्याप्रमाणे पाणी भरलं, आणि डेस्लीनं पट्ट्याचं बटण दाबलं. पट्टा सुटला नाही. तिनं पुन्हा दाबलं. बुडबुड्यांत काही दिसेना. छातीतली हवा संपत आली आणि कानात एक विचित्र शांतता भरली. तेवढ्यात टेविटा आला. टेविटा हा टोंगा बेटांवरचा धिप्पाड गडी, हौदातला सुरक्षेचा पाणबुड्या. त्यानं सुरीनं पट्टा कापला आणि तिला मांजराच्या पिल्लासारखं उचलून वर आणलं.

वर आल्याबरोबर डेस्लीनं अंगठा उंचावला. सवयच होती हाताला. गार्थनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात गरम मटण-पफ दिला. तिनं तो हसत हसत खाल्ला. त्याची चव कशी होती, हे तिला कधीच सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून तिला शॉवरखाली डोकं धरवेना. पुढे वाकून मगानं केस धुवायची. नेरँग नदीवरच्या पुलावर गाडी आली की चारी काचा खाली करायची. मर्ल कुरकुरायची, "अगं, माझं केसांचं सेटिंग विस्कटतंय!" तर म्हणायची, "हवा छान आहे, आई." सांगायचं कुणाला? त्या धंद्यात घाबरलेल्या माणसाला कुणी काढून टाकत नाही. त्याचा फोन वाजायचा थांबतो, एवढंच. आणि छपरावरून उड्या मारण्यापलीकडे डेस्लीला दुसरं काही येत नव्हतं.

पहिला सिनेमा तुफान चालला. साहजिकच दुसरा निघाला. गार्थचा फोन आला तेव्हा डेस्ली ओट्यापाशी कोळंबी सोलत होती.

"डेस! टॉफी परत येतेय. आणि आजीची गाडीपण. या वेळी काय आहे माहितीय? गाडीची पाणबुडी होते!" गार्थ खो खो हसत होता.

डेस्लीही हसली. "आणि कोनांचे टॉर्पीडो?"

"तुला कुणी सांगितलं? तेच तर आहे!"

फोन ठेवल्यावर तिनं पाहिलं, कोळंबीची साल बोटात रुतून रक्त आलं होतं. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

पुढचे काही आठवडे ती हौदाची स्वप्नं पाहत होती, जागेपणीच. चहात चमचा बुडाला तरी ती नजर वळवायची. मग कपडेपटात मापं घ्यायचा दिवस आला, आणि तिला वाटलं, देवानंच आपली सुटका केली. कारण मधल्या दोन वर्षांत रोमिली ताडासारखी वाढली होती. सोळाची पोर, सगळी पायच पाय. डेस्ली तिच्या शेजारी उभी राहिली तर जेमतेम तिच्या खांद्याला लागली. कपडेपटातल्या बायका हसून बेजार झाल्या.

"आता ही माझी आजी शोभेल!" रोमिली म्हणाली, आणि जीभ चावून लगेच, "सॉरी हं, डेस."

"खरंच आहे की," डेस्ली म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की तिनं पोरीला मिठीच मारली असती. संपलं. उंची जुळत नाही. यात लाज नाही, दोष नाही, कुणाला काही सांगायला नको.

तेवढ्यात दारातून गार्थ म्हणाला, "अगं पण टॉफीला या वेळी भाऊ आहे ना! धाकटा, अकरा वर्षांचा. तो पोरगा कायद्यानं पाण्यात उतरू शकत नाही. तू त्याच्या मापाची आहेस अगदी. वेण्या गेल्या, डेस. आता चष्मा आणि टोपी."

"आणि टॉफीचं कोण करणार?"

"रोमिली स्वतः. टीव्हीवर सांगून बसलीय ना बाईसाहेब, सगळे स्टंट मीच करणार म्हणून."

रोमिलीनं मान वर करून हसून दाखवलं. डेस्लीनंही हसून दाखवलं. त्या खोलीत त्या दोघीच तेवढ्या खोटं हसत होत्या, पण हे एकीला दुसरीचं कळलं नाही.

तालमी कोरड्यातच सुरू झाल्या. नवा पट्टा आणला होता, अंगठ्याच्या दाबानं सुटणारा. टेविटानं तो डेस्लीच्या हातात दिला. ती डोळे मिटून सोडायची, डाव्या हातानं सोडायची, उलटी लटकून सोडायची. एकदाही चुकली नाही. टेविटा जवळच उकिडवा बसून पाहत होता. मोठ्या देहाचा माणूस, पण आवाज मऊ.

"डेस," तो म्हणाला, "त्या वेळी वर आल्यावर तू अंगठा दाखवलास. पण डोळे गच्च मिटले होतेस."

"पाणी गेलं होतं डोळ्यांत."

"बरं," टेविटा म्हणाला आणि दोर गुंडाळत उठून गेला. पाठमोऱ्या टेविटाला हाक मारावी असं तिला फार वाटलं. ती पुन्हा पट्टा लावून सोडायला लागली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी दोघी शेजारशेजारी खुर्च्यांवर बसल्या होत्या. डेस्लीच्या नाकावर ठिपके काढणं चाललं होतं. रोमिलीसमोर व्हेजिमाइटचा खारट लेप लावलेला टोस्ट तसाच पडला होता. रंगवणारी मुलगी ब्रश आणायला बाहेर गेली तशी रोमिलीनं विचारलं, "डेस, पहिल्या वेळी तुला भीती वाटली होती? गाडी बुडाली तेव्हा?"

पोरीचा आवाज सहज होता. फार सहज. डेस्लीनं आरशात पाहिलं. अकरा वर्षांचा एक चष्मेवाला मुलगा तिच्याकडे बघत होता.

"छे," ती म्हणाली. "भीती कसली?"

रोमिलीनं टोस्टची बशी हळूच दूर सारली.

बाहेर ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. हौदाच्या कडेच्या झाडावर पोपट नुसता कलकलाट करत होते. गुलाबी-पांढरी गाडी क्रेनला टांगलेली, तिच्या टपावरचा प्लॅस्टिकचा भला मोठा कोन वाऱ्यावर डोलत होता. कामावरची माणसं त्या कोनाकडे बघून हसत होती. डेस्ली आणि रोमिली आत बसल्या, पट्टे लागले. मागच्या फ्रीजच्या जागी टेविटा हवेची नळकांडी घेऊन दडून बसला होता. डेस्लीला थांबवायचं असलं तर मूठ एकदा छतावर आपटायची, अशी खूण ठरली होती. गार्थनं खिडकीतून डोकं घातलं.

"डेस, ठीक?"

"ठीक."

पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही. त्यानं गाडीवर दोन थापा मारल्या आणि तो बाजूला झाला.

क्रेन करकरली. आइस्क्रीमच्या गाडीचं टिंगटिंग गाणं सुरू झालं, कारण पटकथेत तसं होतं: गाडी बुडताना गाणं वाजत राहतं आणि त्यावर लोक हसतात. पाणी दाराच्या फटीतून आलं. आधी पायांना लागलं. थंडगार. मग पोटऱ्यांना. डेस्ली मनात म्हणत होती, बटण अंगठ्याखाली, बटण अंगठ्याखाली. पाणी गुडघ्यांवर आलं. गाण्याचा सूर चिरकला, जड झाला. मांडीवर पाणी चढलं आणि तिच्या कानात ती जुनी शांतता भरायला लागली. पाणी अजून कानापासून हातभर खाली होतं. तरी भरली. तिला स्वतःचा अंगठा दिसत होता, बटणावर टेकलेला, आणि तो तिचा वाटत नव्हता. हलेना. तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मग दुसराच हात उठला आणि त्याची मूठ छतावर आपटू लागली. एकदा आपटायची ठरली होती. ती धडाधड आपटत राहिली.

गाडी वर खेचली गेली. दारातून पाण्याचे लोट वाहिले. चारी बाजूंनी माणसं धावली. टेविटानं आधी रोमिलीला सोडवलं, मग डेस्लीला. गार्थ धापा टाकत आला. "काय अडकलं? पट्टा? दार?"

"काही नाही अडकलं."

टेविटानं तिचा पट्टा पुन्हा लावला, पुन्हा सोडला. अलगद सुटला. सगळं शाबूत होतं. हौदाच्या कडेला साठ-सत्तर माणसं उभी होती, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"मग थांबवलंस का?" गार्थनं विचारलं.

"मला भीती वाटली," डेस्ली म्हणाली.

"तुला?"

त्या एका शब्दात इतकं खरं आश्चर्य होतं, की तिला पुन्हा पाण्यात जावंसं वाटलं. टोपीतून पाणी निथळत होतं, नाकावरचे ठिपके ओघळून ओठांवर आले होते. तेवढ्यात मागून विचित्र आवाज आला. रोमिली वाकून ओकत होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे नुसतं पाणी. आणि रडतही होती.

"मलापण," ती हुंदके देत म्हणाली. "मला रात्रभर... मला वाटलं, फक्त मलाच वाटतेय. ही म्हणाली, भीती कसली. मग मी कुणाला सांगू?"

डेस्लीला आयुष्यात अनेकदा मार लागला होता. बरगड्या मोडल्या होत्या, खांदा निखळला होता. हे त्या सगळ्याहून जास्त लागलं.

निर्मात्यांच्या वतीनं आलेल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्या काही बोलणार तोच गार्थ ओरडला, "जेवायची सुट्टी!" आणि सगळ्यांना पिटाळलं. मग तो गाडीच्या ओल्या पायरीवर डेस्लीशेजारी येऊन बसला. रागानं त्याची मान लाल झाली होती.

"होडीमागं मनोऱ्याच्या टोकावर तू उभी राहायचीस, तेव्हापासून ओळखतो मी तुला. आणि तू मला फसवतेस?"

"तू विचारलंस कधी?"

"आज विचारलं ना!"

"'डेस, ठीक?' हे विचारणं झालं? ते तर तू क्रेनलाही विचारतोस."

गार्थ काहीतरी तोडून बोलायला गेला आणि थांबला. "त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "तू निळी पडली होतीस. आणि मी गाढवासारख्या टाळ्या वाजवल्या." मग उठला. "सिडनीहून एक पोरगी बोलावता येईल. लहानखुरी आहे, चांगली आहे. उद्यापर्यंत सांग."

घरी मर्लनं दार उघडलं आणि लेकीचं तोंड पाहून किटली चढवली. डेस्लीनं सगळं सांगितलं. दोन वर्षांचं मगानं केस धुणंसुद्धा. मर्लला एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचायचा. त्या दिवशी तिनं नुसती किटली उतरवली.

"म्हणून काचा उघड्या," ती एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "सोडून दे, पोरी. कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

"सोडलं तर उद्यापासून भीती घेऊन इथंच बसायचं, तुझ्यासमोर. ती काय हौदापाशी राहणार आहे?"

"मग जा."

"जायची भीती वाटते."

"मग मला काय विचारतेस, बाई!" मर्ल चिडली आणि डब्यांच्या फडताळाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. डेस्लीनं आईला रडताना याआधी पाहिलं नव्हतं. त्याचीही तिला भीतीच वाटली.

सकाळी ती स्टुडिओत गेली ती नाही म्हणून सांगायला. निदान घरून निघताना तरी तसंच ठरलं होतं. हौदाच्या कडेला टेविटा आणि रोमिली पाण्यात पाय सोडून बसले होते, मधे लॅमिंग्टन केकचा डबा. डेस्लीला पाहून रोमिली म्हणाली, "तू नाही उतरलीस तर मीही नाही उतरणार."

"हे बघ, माझ्या मानेवर बसू नकोस," डेस्ली फटकन म्हणाली. "तुला नको असेल तर तुझं तू नाही म्हण. माझ्या आडून नको." मग तिचा आवाज खाली आला. "आणि काल सकाळी मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिल्या वेळी पट्टा सुटला नव्हता. मी मरते असं वाटलं मला. अजून वाटतं, रोज."

रोमिलीनं तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. डेस्लीला वाटलं, झालं, आता पोर कायमची घाबरली. पण रोमिलीनं सरकून जागा केली आणि डबा पुढे केला. "मग आता काय करायचं?"

उत्तर टेविटानं दिलं. "छत काढू. कॅमेरे नकोत. कमरेएवढ्या पाण्यात बसू आणि नुसत्या गप्पा मारू."

गार्थनं निर्मात्यांशी भांडून काही सकाळी मागून घेतल्या. बिनछपराची ती गाडी हौदाच्या उथळ भागात ठेवली, पाणी हळूहळू चढवलं जायचं आणि तिघं आत बसून राहायचे. पहिल्या दिवशी डेस्ली पाणी मांडीला लागताच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी छातीला लागेपर्यंत थांबली आणि मग हौदाकाठी टॉवेल गुंडाळून बसून राहिली. टेविटाचा नियम एकच: आत बसायच्या आधी, आज कशाची भीती वाटते ते मोठ्यानं बोलायचं. डेस्लीला आधी ते फार लाजिरवाणं वाटलं. "बटण सुटणार नाही याची." "कानात गप्प होईल याची." रोमिलीची यादी तर भलतीच होती. "डोळ्यातली लेन्स बुबुळामागे जाईल याची. आणि टेविटा आत पादेल याची." टेविटा म्हणाला, "ती भीती खरी आहे." तिघंही पोट धरून हसले, आणि हसता हसता पाणी हनुवटीपर्यंत आलं. तेव्हा डेस्ली पुन्हा घाबरली आणि बाहेर आली. असंच चाललं होतं. ती काही एका सकाळी उठून शूर झाली नाही.

शेवटी छत बसवलं, क्रेन आली, कॅमेरे आले. गार्थनं खिडकीतून डोकं घातलं. "डेस, आज कशाची?"

"सगळ्याची," ती म्हणाली.

"उतरायचं?"

तिनं खूप वेळ घेतला. क्रेनवाला खोळंबला होता. गार्थ तसाच वाकून थांबला, त्यानं घाई केली नाही.

"उतरू," ती म्हणाली.

गाणं वाजलं, चिरकलं, बुडालं. पाणी मांडीवर, छातीवर, गळ्यावर. शांतता आली, ती येणारच होती. रोमिलीची बोटं तिच्या बाहीत रुतली होती. पाणी डोक्यावरून गेलं. डोळे उघडे. हिरवट उजेड. मागून टेविटाचा हात खांद्यावर टेकलेला. अंगठा आपला आहे की नाही याची खात्री नसतानाच तिनं तो दाबला, आणि पट्टा गेला. रोमिलीचाही गेला. दोघी खिडकीतून निसटून वर आल्या. डेस्लीनं हौदाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ती जोरजोरात रडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेविटा पाण्यात आणि गार्थ कडेला, दोघं तिच्याजवळ तसेच थांबले, तिचं रडं थांबेपर्यंत.

सिनेमा पुढच्या शाळेच्या सुट्टीत लागला. साउथपोर्टच्या थेटरात मर्ल नि डेस्ली दुपारच्या खेळाला गेल्या. थेटर पोरांनी भरलेलं. गाडी पाण्यात गेली, गाणं वाजायला लागलं, आणि डेस्लीच्या अंगावर काटा आला. पडद्यावर दिसत होता तो दुसरा शॉट नव्हता. पहिला होता, तो फसलेला. चष्मेवाला धाकटा भाऊ बटणावर अंगठा ठेवून गोठलाय, तोंड उघडं, आवाज नाही, आणि मग मूठ धडाधड छतावर. संकलन करणाऱ्यांनी नेमका तोच उचलून चांगल्या शॉटच्या आधी जोडला होता. सगळं थेटर खदाखदा हसत होतं. पुढच्या रांगेतलं पोरगं हसता हसता खुर्चीवरून घसरलं. मर्लनं अंधारात लेकीचा हात घट्ट धरला. ती हसत नव्हती. डेस्लीला क्षणभर वाटलं, उठून पळावं. पण ती बसून राहिली आणि तिनं ते पूर्ण पाहिलं, शेवटपर्यंत.

बाहेर पायऱ्यांवर एक लहान मुलगी बापाचा हात ओढत होती. "बाबा, तो भाऊ खरंच घाबरला होता."

"नाटक असतं गं ते."

"नाही. खरंच घाबरला होता!"

डेस्ली वळली. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "खरंच घाबरला होता."

मुलीनं तिच्याकडे वरखाली पाहिलं. ही बाई आपल्याहून फार उंच नाही, हे तिला पटलं असावं. "मग तो परत पाण्यात कसा काय गेला?"

डेस्लीनं विचार केला. सांगण्यासारखं एखादं छान वाक्य तिला सुचलं असतं, तर तिनं सांगितलं असतं.

"मलाही नीट माहीत नाही," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर माणसं होती."

"चल गं, भूक लागलीय," मर्ल म्हणाली, आणि दोघी मायलेकी तळलेले मासे-बटाटे खायला समुद्राच्या बाजूला निघाल्या.